वरच्या खोलीचा फुगा

सावनीला सातवा लागला आणि अच्युतच्या घरातलं स्वयंपाकघर वरच्या खोलीत चढायला लागलं. आधी झारा गेला, मग कुकर, मग पिठाचा डबा. स्लॅबला ताटाएवढं भोक पडलं होतं. वरची खोली बाळासाठी ठेवलेली. आता तिथे पाळण्यालाही जागा उरली नाही. सावनीच्या पोटातल्या बाळाचंही तेच झालं होतं. छातीखालच्या पडद्याला भोक, आतडी वर सरकलेली आणि फुप्फुसं बिचारी कोपऱ्यात.

स्लॅबला भोक कधी पडलं, ते अच्युतला पक्कं ठाऊक होतं. सोनोग्राफीच्या दिवशी सावनी आडोशाला पोट पुसत होती, तेव्हा हा शहाणा डॉक्टरांच्या कानाशी म्हणाला होता, "हे राहू दे मग. दुसरं बघू." साडी परत करावी तसं! नंतर त्याची त्यालाच लाज वाटली, पण तो कुणाला काही बोलला नाही.

डॉक्टर मुजावरबाई घरी आल्या. त्यांनी वितीनं खोली मोजली.

"भोक जन्मानंतर शिवू. तोवर बाळाच्या श्वासनळीत मी फुगा बसवलाय. या खोलीच्या दारात तुम्ही बसवा. आतलं आत कोंडलं की जागा वाढते."

"फुगवायचा कुणी?"

"बापानं. दुसरं कोण?"

नेमकं त्याच दुपारी डोहाळजेवण होतं. त्या दारासमोरच, वरच्या हॉलमध्ये पंचवीस बायका जमलेल्या. बाळ ठणठणीत आहे, असं अच्युतनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

"अरे, कढया माडीवर कशा?" बेबीआत्यानं विचारलं.

"वर बऱ्या पडतात," तो म्हणाला आणि त्यानं फुग्यात पहिली फुंकर मारली.

फुगा त्याच्याच आवाजात मोठ्यांदा बोलला, "हे राहू दे मग. दुसरं बघू."

आत्यानं हातातली पेढ्याची वाटी खाली ठेवली. अच्युतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फुलांचे दागिने घातलेल्या सावनीनं मान वर केली नाही. "अहो, थांबलात का? मी तेव्हाच ऐकलं होतं. फुगवा."

त्यानं फुगवला. दर फुंकरीला फुगा तेच बोलला. कान तापून लाल झाले, तरी दार बंद होईपर्यंत तो थांबला नाही. खोली वीतभर वाढली.

बायका घरी गेल्याच नाहीत. सहा आठवडे तिथेच बसून राहिल्या, त्याच्याकडे बघत. सावनीच्या अंगावरची फुलं सुकली. मग एका सकाळी मुजावरबाईंनी टाचणीनं फुगा फोडला आणि सावनीला बाळंतपणासाठी आत नेलं. फुग्यातली हवा, तिच्यातल्या शब्दांसकट, त्यांच्या मागोमाग आत गेली.

थोड्या वेळानं आतून कुणीतरी खूप मोठा श्वास घेतला. हॉलमधले पडदे, बायकांचे पदर, सगळं दाराकडे ओढलं गेलं.

आता तो श्वास बाहेर येणार, अच्युतचं वाक्य घेऊन. आत्यानं कान दिला.

"तेच म्हणू दे," अच्युत सगळ्यांसमोर ओरडला, "पण येऊ दे! बाहेर येऊ दे!"

पडदे दाराकडे झुकलेलेच होते.