शेवटचा नग खपेपर्यंत

गयासुद्दीन वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुम्हाला त्याला शिव्या द्याव्याशा वाटतील, आणि तो हक्क माझा एकट्याचा आहे. मी उद्धव. त्याच्या खोलीत मी वर्षानुवर्षं पेटी वाजवली. अमरावतीच्या इतवारा बाजारात, मसाल्याच्या दुकानावर, भिंतींना गोधड्या ठोकलेली ती खोली. खाली मिरची कुटायला लागले की वर गाणारा ठसकायचा आणि रेकॉर्डिंग थांबायचं. तरी तिथून कव्वाल्या निघाल्या, भजनं निघाली, दंडारी निघाल्या. एक काळ असा होता की अकोल्यापासून धामणगावापर्यंत एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांत आमच्या कॅसेटी टांगलेल्या असत.

मग मोबाइल आले. अकोल्यात कुणीतरी पाटी लावली, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’, आणि वर्षभरात वऱ्हाडात पानठेल्यांहून त्या पाट्या जास्त झाल्या. कापसाला भाव नाही, सोयाबीनवर अळी, लोकांच्या हातात पैसा नाही. चहाच्या पैशात दोनशे गाणी मिळत असताना आमची सीडी विकत घेणाऱ्याला बायकोनं वेड्यात काढलं असतं. मला हे कळत होतं, कारण माझं काही जळत नव्हतं. गयासुद्दीनचं जळत होतं. तो रोज एक नवी युक्ती काढायचा आणि रोज तोंडघशी पडायचा.

सुंदराबाई आम्हाला मिळाली ती याच पडत्या काळात. रिद्धपूरजवळच्या एका खेड्यातली, महानुभाव पंथातली बाई. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी चंदा. दिवसा दुसऱ्याच्या वावरात निंदण करायची आणि लगनसराईत पंचक्रोशीतल्या मुली सासरी पाठवायची. म्हणजे पाठवणीची गाणी म्हणायची. चाल तीच, पण ज्या घरची पाठवणी, त्या मुलीचं नाव, त्या घरची विहीर, त्या घरची गाय गाण्यात यायची. ऐन वेळी, उभ्याउभ्या. पुरुषमाणसंही मांडवामागे जाऊन डोळे पुसत. पैसे घेत नसे. शेजारधर्म तो, त्याचे काय पैसे घ्यायचे, असं तिचं म्हणणं.

तिचं पहिलं गाणं आम्ही रेकॉर्ड केलं आणि सीडी बाजारात यायच्या आतच ते अकोल्यात पोचलं. एका लग्नात ती तेच म्हणत होती आणि कुणीतरी मोबाइल धरून उभा होता. गयासुद्दीन आठ दिवस धड जेवला नाही. दुसऱ्या वर्षी तिला परत बोलावलं तेव्हा त्याच्या डोक्यात पक्कं शिजलेलं होतं.

गाणं नवं होतं. सुंदराबाई माईकसमोर बसली आणि अडली. “नवरीचं नाव काय घालू, भाऊ?”

“कोनतंबी घाला, बाई. सीडीतल्या नवरीले काय नाव!”

तिनं डोळे मिटले आणि जिभेवर जे होतं तेच नाव घातलं.

वाट मऊ करा गं, चंदा माही चालली,
कापसाच्या बोंडावानी अंगनात वाढली.

पुढची दोन कडवी माझ्या बोटांनी कशी वाजवली, मला ठाऊक नाही. मिरची कुटणारेसुद्धा थांबले होते. चंदा तेव्हा दहावी-अकरावीत असेल, पण बाईनं तिला त्या गोधड्यांच्या खोलीत एकदा सासरी पाठवून टाकलं होतं.

गाणं झालं, चहा आला, आणि गयासुद्दीननं आपला डाव टाकला. कागद काढला असता तर मी काही बोललो नसतो. पण तो वऱ्हाडात जन्मलेला, त्याला माणसं ठाऊक. महानुभावांचा शब्द म्हणजे स्टॅम्प पेपराच्या वर, हे त्याला पक्कं माहीत होतं.

“बाई, आन घ्या,” तो म्हणाला. “या सीडीचा शेवटचा नग खपेपर्यंत हे गानं बाहेर कुठंच म्हननार नाई, अशी.”

“किती दिवस लागतीन, भाऊ?”

“दोन महिने. लगनसराई सरली का माल साफ.”

तिनं थोडा विचार केला. मग हात जोडून, चक्रधरस्वामींचं नाव घेऊन, त्यानं सांगितले ते शब्द जसेच्या तसे म्हटले. मी म्हटलं, ग्यासभाई, एवढं कशाला? तर मला म्हणतो, “मास्तर, तुमी पेटी वाजवा.”

मी पेटी वाजवली.

सीडी निघाली. पहिला नग घेतला अकोल्याच्या एका मोबाइलवाल्यानं, आणि तेच आमचं सगळ्यात महागात पडलेलं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी गाणं कार्डावर होतं, आठवड्यात मेळघाटात सेमाडोहपर्यंत गेलं. गयासुद्दीन मला घेऊन पोलिसांत तक्रार द्यायला गेला. साहेब सगळं नीट ऐकून घेत होते, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ‘वाट मऊ करा गं.’ साहेब ओशाळले. गयासुद्दीन उठला, सलाम केला आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. “मास्तर,” तो म्हणाला, “गानं चाललं. आपून बुडलो.”

दोन वर्षांत खोली गेली. गोधड्या सोडवताना त्यांतून मिरचीची धूळ उडाली आणि आम्ही दोघं शिंकत, खोकत, डोळे पुसत राहिलो; त्यात रडणं किती होतं ते विचारू नका. खाली एक बोळकांडीएवढं दुकान घेऊन तो मोबाइलचं रिचार्ज विकायला लागला. मग एक कॉम्प्युटर घेतला. मग एक दिवस त्यानंही पाटी लावली: मेमरी कार्ड भरून मिळेल. पोट्टे यायचे, “काका, ते चंदावालं टाका,” म्हणायचे, आणि तो मुकाट्यानं टाकायचा. न खपलेल्या सीड्यांची खोकी दुकानातच होती. गिऱ्हाईक त्यांवर बसायचं.

आणि आणेचं काय? ती त्याच्या लक्षातही नव्हती, माझ्याही नव्हती. ज्या सौद्यात बुडालो तो सौदाच संपला, असं व्यापाऱ्याला वाटतं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात सुंदराबाईचा निरोप आला. चंदाचं लग्न, मोर्शीच्या सामूहिक विवाहात. त्या काळात तेच परवडायचं. एका मांडवात वीस-पंचवीस जोडपी, एकच पंगत, एकच डीजे. “ग्यासभाऊनं जरूर यावं,” असं दोनदा सांगून पाठवलं होतं. गयासुद्दीन खूश झाला. साडी घेतली, मलाही ओढून नेलं.

मांडवात पोचलो तर तो ओळखीच्या माणसांत अडकला, आणि मी चंदाला भेटायला गेलो. हळदीनं पिवळी झालेली पोर माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, “मास्तरकाका, आई आज तरी ते गानं म्हनन ना?”

“म्हणजे? एरवी म्हणत नाही का?”

तिनं सांगितलं ते असं. तीन लगनसराया सुंदराबाईनं ते गाणं तोंडातून काढलं नव्हतं. आणि सगळ्यांना तर तेच हवं. बाया आग्रह करायच्या, ही मान हलवायची. मग बोलणं सुरू झालं: सीडीवाली झाली, आता फुकटात कायले म्हनते? बोलावणी कमी झाली. भावाच्या मुलीच्या पाठवणीला ती बाजूला उभी होती आणि मोबाइल लावला होता. आणेचं तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गयासुद्दीनला लोक नावं ठेवतील, म्हणून.

“पन ग्यासकाकाइले बोलावलं ना आज,” चंदा म्हणाली. “आई त्याइले इचारनार हाये. माल खपला असन, तर म्हनन.”

मी उठलोच. गयासुद्दीनला गाठून एवढंच सांगायचं होतं की बाई विचारेल, तर डोळे मिटून हो म्हण. पण त्या मांडवात माणूस शोधणं म्हणजे ज्वारीच्या पोत्यात गहू शोधणं. पंगतीत पाहिलं, पाण्याच्या टाकीपाशी पाहिलं. डीजेनं पाठवणीची घोषणा केली, तशी सगळी गर्दी गाड्यांकडे लोटली आणि मी उलटा चाललेला.

दिसला तेव्हा तो चंदाच्या गाडीपाशीच होता. भोवती बाया होत्या. एक म्हातारी म्हणत होती, “सुंदरे, आता पोटच्या पोरीले तरी म्हन.” सुंदराबाईनं पदर सारखा केला आणि गयासुद्दीनपुढे हात जोडले. “दंडवत, भाऊ. एक इचारू? तो माल खपला का?”

मी गर्दीतूनच ओरडलो, हो म्हण. डीजेच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

आता आपल्याकडच्या व्यापाऱ्याला कुणीही, कधीही विचारलं की धंदा कसा आहे, तर तो काय म्हणतो? सोन्याच्या राशीवर बसलेला असला तरी म्हणतो, मंदी आहे. ते उत्तर नसतंच, खोड असते. गयासुद्दीनच्या तोंडून तेच आलं. “कायचा खपते, बाई! सारा तसाच पडून हाये.”

सुंदराबाईचे हात खाली आले. ती म्हणाली, “बरं,” आणि मागे सरकली.

मी पोचून त्याच्या कानात सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. “बाई, नाई, तसं नाई! खपला, सारा खपला! अन् नसन खपला तरी म्या सोडलं तुमाले, म्हना तुमी!”

“तुमी कसे सोडसान, भाऊ?” ती समजुतीनं म्हणाली. “आन तुमच्या नावाची नोती.”

तेवढ्यात डीजेनं ते गाणं लावलं. वीस-पंचवीस नवऱ्या, आणि सगळ्यांसाठी एकच चंदा. बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना सवय झाली होती. आमची चंदा मात्र आईच्या गळ्यात पडली, आणि मग तिची मान हळूहळू वळली. ती स्पीकरकडे पाहून रडायला लागली. आई तिला धरून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. गाणं संपायच्या आधीच गाडी हलली. जावई सुरतेच्या गिरणीत कामाला होता, तिथून लवकर येणं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गयासुद्दीननं दुकान बंद ठेवलं आणि हातगाडीवर ती खोकी घेऊन बाजारात उभा राहिला. मी म्हटलं, भंगारात दे, मोकळा हो. “भंगारात देनं म्हंजे खपनं नोय, मास्तर. बाई इचारन तर काय सांगू?” ऑटोवाल्यांनी आरशाला लटकवायला घेतल्या. कुणी तिळावरची पाखरं उडवायला वावरात टांगायला नेल्या. कुणी गाण्यासाठी घेतली असेल, असं मला वाटत नाही. तो प्रत्येकाला हातात नग देऊन, थोडे का होईना पैसे घेऊन, ‘मेहरबानी’ म्हणत होता. शेवटचा नग मी घेतला.

मग आम्ही तिच्या गावी गेलो. ती वावरातून नुकतीच आली होती. आम्हाला बाजेवर बसवलं, चहा ठेवला. गयासुद्दीन उभाच राहिला. “बाई, माल खपला. खरंच खपला. शेवटचा नग या मास्तरनं घेतला, इचारा त्याइले.”

सुंदराबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं हात जोडून स्वामींचं नाव घेतलं आणि चुलीवरचा चहा उतरवला.

“बरं झालं, भाऊ,” ती म्हणाली. “पन आता कोनाले म्हनू?”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.