बिनसाखरेचा चहा

शनिवारी अब्बांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशातून लिमलेटच्या गोळ्या निघाल्या.

"या कुणासाठी?"

"वाटेत पोरं भेटतात."

"कुठली पोरं?"

त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. "ही. अजून मोठीच झाली नाही."

मी गोळ्या कागदासकट चुलीत टाकल्या. "पोलिसात भरती हो तू, अम्रीन," म्हणत ते डेगा घासायला गेले. दुसऱ्या दिवशी नसरापूरला लग्नाचा स्वयंपाक होता.

भोरमध्ये झुल्फिकार भटारी म्हणजे माझे अब्बा. डेग चुलीवर चढली की शेवटची पंगत उठेपर्यंत ते घासही खात नसत. साखरेचा आजार असल्याचं कळून पंधरा दिवस झाले होते. त्यानंतरचं हे पहिलंच काम. दवाखान्यात ते बाहेर कंपाउंडरशी गप्पा मारत होते, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते, "गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवण. जेवण नसेल तर गोळीही नाही. घाम सुटला, हात थरथर कापले, बरळायला लागले, तर साखर उतरली समजा. लगेच साखर द्या. खिशात ठेवायलाच सांगा."

घरी येऊन मी एवढंच सांगितलं : रोज सकाळी आठला गोळी, आणि साखर बंद. खिशात साखर ठेवा म्हटलं असतं, तर त्यांना परवानाच मिळाला असता.

रविवारी वऱ्हाडाचा टेम्पो कापूरहोळला बंद पडला. जेवणं तीनवर गेली. दिवेलागणीला अब्बांना घरी आणलं, ते कापडाखाली.

चाळिसाव्याला गेनूकाका वेल्ह्याहून आले. वीस वर्षं अब्बांच्या चुलीचा जाळ त्यांनीच सांभाळला होता. अब्बांना साखर देऊ नका, असं मी त्यांनाही बजावलं होतं. ओट्यावर बसले, पण पाण्याला हात लावेनात.

"पोरी, उस्तादानं आठाच्या ठोक्याला गोळी घेतली. दोनाच्या सुमाराला घाम फुटला. म्या म्हणलो, जाळ लई झालाय. मग हात कापाय लागले. मलाच नवरदेव समजून सलाम कराय लागला. सगळी हसली. म्या बी हसलो."

"मग?"

"नवरीच्या मामानं चहा आणला. त्यात साखर व्हती, म्या वतून टाकला. म्हणलो, ह्यास्नी चालत न्हाई, लेकीनं बजावलंय. दुसरा करून आणला, बिनसाखरेचा. दोन घोट घेतले आन् तिथंच आडवा झाला." त्यांनी टोपीनं डोळे पुसले. "तुझा शबूद म्या मोडला न्हाई. मग कुठं चुकलो, सांग."

चाळीस दिवस येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले होते, चुलीची धग बाधली. गेनूकाकांनाही तेच सांगता आलं असतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"काका, तुम्ही नाही चुकलात. न जेवता गोळी घेऊ नये, आणि अशा वेळी साखरच द्यावी, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते अब्बांना सांगितलं नाही. तुम्हालाही नाही."