हरण्याची घंटा

दिनांक अकरा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, सोमवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. मुक्काम गाडीच्या कंपनीचे गॅरेज, मलकापूर, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा. मुठीतली किल्ली गरम झाली होती आणि तिच्या कडीतली पितळी घंटा बोटांच्या फटीतून मधूनच किणकिणत होती. निवृत्त सुभेदार हंबीरराव ती मुद्दामच वाजू देत होते; आणि हा वयाचा चाळा नव्हे, आनंद आहे, हे कोणाला तरी सप्रमाण पटवून द्यावे असे त्यांना वाटत होते.

खिशात गाडीच्या कंपनीचे पत्र... पाठ झालेले. ‘या मालिकेतील जुन्या गाड्यांमध्ये, धक्का बसल्यास किल्लीचा स्विच मागे फिरून इंजिन बंद पडण्याची शक्यता आढळली आहे, स्विच विनामूल्य बदलून मिळेल.’ आढळली आहे! वर्षभर ते दुसरे काय सांगत होते? जतच्या रस्त्यावर, कवठेमहांकाळच्या पुढे, भर दुपारी, एका खड्ड्यासरशी गाडी एकाएकी मेली, स्टिअरिंग दगड झाले, समोर बाभूळ... शेजारी बसलेल्या पत्नी मनुबाईंचा डावा गुडघा त्या बाभळीने कायमचा नेला. घराने सारे ऐकून घेतले आणि ठरवले : आप्पांना डुलकी लागली. चोवीस वर्षे बर्फातून लष्करी ट्रक हाकलेल्या माणसाला, दिवसाढवळ्या, डुलकी! मुलगा वीरधवल तीच गाडी दुरुस्त करून आपल्याजवळच्या जोडकिल्लीने रोज चालवी आणि शांतपणे म्हणे, “माज्या हातात एकदाबी बंद पडली न्हाई, आप्पा.” या एका वाक्याचे उत्तर सुभेदार वर्षभर शोधत होते. मनुबाई उठताना गुडघ्यावर हात ठेवत, एवढेच — आणि त्या हाताइतका मोठा आरोप दुसरा कोणी केला नव्हता.

पण आज! आज वीरधवलनेच गाडी इथे आणून सोडली होती आणि तो खताच्या दुकानात गेला होता. स्विच सदोष असल्याचा गॅरेजचा कागद मिळाला की संध्याकाळी सगळ्यांना सोप्यात बसवायचे आणि वाचायचा, सावकाश, स्वल्पविरामांसकट.

सिद्धू मिस्त्रीने जोडकिल्ली लावून इंजिन सुरू केले आणि स्टिअरिंगखाली रबरी हातोड्याचे चार ठोसे दिले. इंजिन चालूच.

“धरतंय की ओ हे!”

“माझी लाव,” हंबीरराव म्हणाले, आणि घंटेसकट किल्ली पुढे केली.

एक ठोसा. टक्. इंजिन बंद.

“आयला!”

“पाहिलंस? परत लाव. परत!”

परत टक्. ते मोठ्याने हसले; उत्तर सापडले होते — वीरधवलची किल्ली मोकळी होती, मोकळी! सारे कोड्याच्या शेवटच्या ओळीसारखे जुळत होते, आणि जुळता जुळता...

“आवं, पाव किलोची घंटा हाय ही,” सिद्धू ती तळहातावर तोलत म्हणाला. “बैलाची न्हवं?”

“बैलाचीच.”

“बैल इकला आन् घंटा गाडीला जुपली व्हय? फारमात लिवाय लागतंय, वजन कुणी अडकवलं.”

गेल्या वर्षीची खंडेनवमी. धुतलेली गाडी, झेंडूची माळ, आणि मनुबाई — घरचा शेवटचा बैल हरण्या, त्याची घंटा चिंचेने लख्ख घासून किल्लीच्या कडीत ओवणाऱ्या. “दावणीला आता हीच हाय. हिच्या गळ्यात नगं व्हय काय तरी?” त्यानंतर पाचव्या दिवशी ती बाभूळ... म्हणजे संध्याकाळी कागद वाचताना मनुबाई समोर बसलेल्या असणार, गुडघ्यावर हात ठेवून, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत.

नवल म्हणजे, घाई तीच होती, उत्साहही तोच. फक्त आता कागदाआधी ती घंटा घरात कुठे ठेवायची, मनुबाईंच्या दृष्टीला कधीच पडणार नाही अशी जागा कोणती, हेच मन भराभर शोधू लागले होते.

“मी,” ते म्हणाले. “मीच अडकवली.”

वर्षभराच्या वादातली त्यांची ही पहिली थाप. ती इतकी सहज निघाली की त्यांना स्वतःचाच किंचित अभिमान वाटला.

सिद्धूने हात पुसले, लिहिले, आणि कागद त्यांच्या हाती दिला.

“मंग निम्मी चूक कंपनीची, आप्पा. निम्मी तुमची.”