मागे ठेवायचं बटण

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. उंदीर म्हणालात तरी मला राग नाही. पहिल्या आठवड्यात सगळी सांगली मला हसून तेच म्हणत होती. करडी पाठ, पुढे दोन बटणे, पोटात एक रबरी गोळी आणि वायरची लांब शेपटी, एवढाच माझा संसार. टेबलावर पडल्या पडल्या समोरचा पडदा दिसत राहतो आणि अंगावर हात येत जात राहतात. मला फारसे काही जाणवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथले काही आठवत नाही. चौऱ्याण्णव साली थर्माकोलच्या खोक्यातून मी सांगलीत गंगाधर सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आलो. सर शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. उद्घाटनाला त्यांनी नारळ फोडला आणि माझ्या पाठीवर कुंकवाचे बोट लावले. क्लासमध्ये चपला बाहेर काढूनच यायचे, जोरात बोलायचे नाही आणि खोकला आला तर तोंड खिडकीकडे करायचे, असे नियम होते.

लोक मला घाबरत. एका काकांनी मला उचलून थेट पडद्याच्या काचेवर फिरवले. दुसऱ्याने हवेत धरून बटण दाबले आणि "चालत नाही हो हे" म्हणून तक्रार केली. पोटातली गोळी दोनदा चोरीला गेली, पोरांना गोट्या खेळायला. सर मात्र दर शनिवारी माझे पोट उघडून काडीने मळ काढत. "हा आपल्या क्लासचा हात आहे, सांभाळा," असे ते प्रत्येक नव्या बॅचला सांगत. कौतुक म्हणाल तर माझ्या वाट्याला तेवढेच आले.

या क्लासमध्ये शिकायला आलेली आणि वर्षभरात शिकवायलाच लागलेली मुलगी म्हणजे आम्रपाली. तेवीस वर्षांची, बोलायला कमी आणि बघायला जास्त. घर कुपवाडला, मूळ गाव माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडे. वडील आण्णा माधवनगरच्या गिरणीत कामाला, आई लक्ष्मीबाई घरी, आणि मोठा भाऊ कपिल कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर. शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्या प्रेसमध्ये कपिलचा उजवा हात सापडला. मधली तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

मशीनच खराब होते, असे घरात सगळे म्हणत. लक्ष्मीबाई तर रोज सकाळी चूल पेटवताना त्या मशीनला शिव्या देत असे. कपिल त्यावर काहीच बोलत नसे. जखम भरली, पट्टी सुटली, तरी त्याने तो हात परत वर काढला नाही. जेवण डाव्या हाताने, दाढी डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर किंवा खिशात.

दुपारी दोन ते चार क्लास रिकामा असायचा. आम्रपाली त्याला तेव्हा घेऊन येऊ लागली. घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा इथे पंख्याकडे बघत बस, इतकाच तिचा हिशेब होता. पण मनातून तिला एक गोष्ट हवी होती. दादाचा उजवा हात टेबलावर यायला हवा होता.

सरांचा पुतण्या निमिष पुण्याहून काही फ्लॉप्या ठेवून गेला होता. त्यांत एक इंग्रजी खेळ होता. अशा खेळात एकट्याने जायचे नसते. पाच-सहा जणांचा जथा बांधायचा; कुणी वाट शोधणारा, कुणी लढणारा, कुणी औषध देणारा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, ताकद वेगळी, आणि सगळ्यांना सांभाळत पुढे न्यायचे. तिने तो कपिलपुढे लावला. पडद्याच्या चारही कडांना चित्रे, आकडे, बाटल्या, तलवारी. कपिलने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आमू, ह्यो खेळ हाय का रेल्वेचं टायमटेबल?" तो म्हणाला आणि परत पंख्याकडे बघू लागला.

म्हणून तिने स्वतःच खेळ लिहायला घेतला. चौकटीच्या वहीत आधी पडदा काढला, मग कॉम्प्युटरवर उतरवला. लहानपणी तिने दहिवडीकडून मेंढरे घाट उतरून कोकणात जाताना पाहिली होती, तीच गोष्ट तिने घेतली. दुष्काळातून कळप पलीकडे न्यायचा. चार जणांचा जथा: वाट माहीत असलेला म्हातारा बिराप्पा, लांडग्याला काठीने परतवणारा नाथाजी, झाडपाल्याचे औषध जाणणारी हरणाबाई आणि पाणी शोधणारा आकाराम. पडद्याच्या तळाशी चार चौकटी, त्यांत चार चेहरे आणि प्रत्येकाखाली दमाची एक पट्टी. नियम एकच कडक होता. जथा सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चालेल. एकाचा पाय मुरगळला की चौघांचे दिवस वाढणार, आणि तेवढे पीठ-पाणी कमी होणार.

पहिल्या दिवशी कपिलला माझ्यावर हात ठेवायला तिने जवळजवळ विनवले. त्याने डावा ठेवला. डाव्या हाताला सवय नव्हती. पडद्यावरचा माझा बाण भलतीकडेच जाई. हरणाबाईऐवजी नाथाजी, पाण्याऐवजी मुक्काम.

"मला न्हाई जमायचं," तो म्हणाला.

"चूक तुजी न्हाई दादा, पडद्याची हाय. उद्या बघ."

रात्रीचे जेवण सोडून तिने काय काय केले ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी पडद्यावरच्या चौदा बटणांची नऊ झाली होती. आठवड्याने सहा झाली. ती मोठी झाली, एकमेकांपासून लांब सरकली. आम्रपाली मागे स्टुलावर वही घेऊन बसे. एक शब्द बोलत नसे, मदत करत नसे, फक्त तो कुठे अडतो ते टिपत असे. जे बटण जास्त लागते ते जवळ आणायचे आणि मोठे करायचे, असा तिचा नियम होता. गंगाधर सर एकदा मागे उभे राहून बघून गेले. "मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले," ते म्हणाले, "पण शेवटच्या बाकावरून ते कसे दिसते, हे कधी जाऊन पाहिले नाही."

कपिल रोज खेळू लागला. खेळू लागला म्हणजे हसू-बोलू लागला असे समजू नका. गिरणीत जसे सूत चालते तसा त्याचा हात माझ्यावरून चालायचा. तिने खेळात एक ‘मागे ठेवा’ असे बटण दिले होते. एखादा फारच आजारी पडला तर त्याला गावात ठेवून पुढे जाता यावे म्हणून. कपिल ते बटण सगळ्यात जास्त दाबत असे. नाथाजीला काटा लागला, मागे ठेवा. हरणाबाईला ताप आला, मागे ठेवा. चौकट करडी होई, चेहरा पुसट होई, आणि जथा भरभर पुढे जाई. घाटाखाली कोकणात एकटा आकाराम आणि सगळी मेंढरे पोचली तेव्हा कपिल म्हणाला, "पोचलो."

"बाकीची माणसं?" आम्रपालीने विचारले.

"मेंढरं पोचली की."

आणि आम्रपालीने काय केले असेल? आपल्या नियमाप्रमाणे तिने ते बटण, जास्त लागते म्हणून, सगळ्यात मोठे केले आणि अगदी त्याच्या हाताखाली आणून ठेवले. हुशार माणसे चुकतात तीही अशी, वहीत टिपून.

श्रावणात तिने आणखी एक सोय केली. चौघांची नावे आपल्याला हवी ती देता येऊ लागली. त्या दुपारी सरांनी तिला बाहेर बोलावले होते. ती परत आली तेव्हा खेळ सुरू होऊन गेला होता. पडद्याच्या तळाशी चार नावे होती: आण्णा, लक्ष्मीबाई, आम्रपाली, कपिल. चौथी चौकट करडी होती. कुणाला काटा लागला नव्हता, ताप आला नव्हता. जथा अजून दहिवडीतून बाहेरही पडला नव्हता.

"बघ," कपिल शांतपणे म्हणाला. "तिघं लय लवकर पोचत्यात."

आम्रपालीने वही मिटली. ती रडली नाही, ओरडली नाही. खुर्ची सरळ केली, पंखा बंद केला आणि दोघे घरी गेले. मी त्या रात्री कपड्याखाली झाकलेला होतो. मला काही वाटले का, असे विचाराल तर खरे सांगतो, काही वाटले नाही. मात्र तिला सगळे कळले होते. आता प्रश्न हाताचा राहिला नव्हता. दादा घरातून, किंवा त्याहूनही लांब कुठेतरी, निघून जायच्या बेतात होता.

दुसऱ्या दिवशी तिने ते बटण काढून टाकले नव्हते. काढले असते तर तो खेळच सोडून देईल, हे तिला माहीत होते. बटण होते तिथेच होते. पण दाबले की पाटी येई: ‘कीबोर्डाच्या दोन्ही टोकांच्या कळा दोन्ही हातांनी दाबून धरा. दहापासून खाली मोजू.’ एका पंजाला पुरणार नाही इतके अंतर तिने मुद्दाम निवडले होते. हात तरी बाहेर येईल, आणि दहा मोजेपर्यंत मन फिरेल, एवढीच तिची आशा. ती मागे स्टुलावर जाऊन बसली.

कपिलने तीच चार नावे दिली. चौथ्या चौकटीवर मला नेले. ‘मागे ठेवा’ दाबले. पाटी वाचली. डावा हात डाव्या कळीवर ठेवला. उजवा मांडीवरच राहिला.

मग त्याने डाव्या हाताने मला उचलले आणि माझी टाच उजव्या टोकाच्या कळीवर नीट बसवली. माझ्या वजनाने कळ खाली गेली. त्याने शांतपणे डावी कळ दाबली.

दहा. नऊ. आठ.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला, पण आम्रपाली पुढे आली नाही. सात. सहा. माझे काम चोख चालले होते. पाच. कपिलची नजर पडद्यावरून माझ्यावर आली आणि तिथेच खिळली. चार.

त्याने डावा हात उचलला. पडद्यावर परत दहा आले.

"हे दोन बटणांचं कुणी सांगितलं तुला?" तो वळून न बघताच म्हणाला.

"कुणी न्हाई. मीच केलं."

"प्रेसला बी दोन आस्त्यात. दोन्ही हातांनी दाबल्याबगार मशीन खाली येत न्हाई. हात आत राहू नये म्हणून." त्याने कळीवर बसवलेल्या माझ्याकडे मान केली. "मी एक दाबून बांधून ठिवलं व्हतं, आमू. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. समदेच बांधत्यात, एक हात मोकळा ऱ्हातो, माल दुप्पट निघतोय. मशीन बेस व्हतं. आई त्याला रोज शिव्या देती, आन् मी आयकतोय."

आम्रपाली त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी बी कमी चुकले न्हाई. ते मागं ठेवायचं बटण मीच तुज्या हाताखाली आणून ठिवलं."

"तिघं लवकर पोचतील गं. खरंच पोचतील."

"मला लवकर पोचायचंच न्हाई, दादा!"

मी अजून कळीवर कलंडलेला होतो. मग टेबलाखालून एक हात वर आला. अंगठा माझ्या एका बाजूला लागला, करंगळी दुसऱ्या बाजूला. मधल्या तीन बोटांची जागा रिकामी होती. त्याने मला कळीवरून उचलले आणि टेबलावर ठेवले, आणि हात तसाच माझ्यावर राहू दिला. तो गरम होता. मित्रांनो, तेवढे मला जाणवले.

त्या खेपेला चौघे निघाले. चौकटीतल्या कपिलचा दम सारखा संपायचा, मुक्काम वाढायचे, पीठ दोनदा संपले, सतरा मेंढरे गेली. खेळातले एकेचाळीस दिवस लागले. चौघे पोचले तेव्हा दोघा भावंडांपैकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या संध्याकाळी कपिलने घरी खरे सांगितले. लक्ष्मीबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भाकरी वाढताना "आजून घे" म्हणाली. आम्रपाली हे सरांना सांगत होती, तेव्हा मला कळले.

पुढे कपिल दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळू लागला. आम्रपाली नोकरीला पुण्याला गेली. क्लासमध्ये नवे कॉम्प्युटर आले, त्यांच्याबरोबर नवे माऊस आले. आता नव्व्याण्णव साल आहे. मी सरांच्या कपाटात शेपटी गुंडाळून पडलो आहे. माझे डावे बटण अडकते आणि गोळी कुणीतरी पुन्हा नेली आहे. त्याचे वाईट वाटते असे म्हणण्याइतका मी हळवा नाही.

तरी जाता जाता एक विनंती करतो. माझ्या भावंडांना सांभाळा, शेपटी ओढू नका, पोट साफ ठेवा, हे तर तुम्हाला तुमचे सरही सांगतील. पण जिथे दोन हात मागितले असतील तिथे आपले दोन्ही हात आणा, असतील तसे आणा. दुसऱ्या हाताच्या जागी मला ठेवू नका. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही.