पंधराव्या मजल्यावरचे म्हातारे

"हाही गेला," म्हणत वर्तकांनी कागदावर फुली मारली.

शिकागोतल्या एका जुन्या इमारतीबाहेर, पंधराव्या मजल्याच्या उंचीवर, तारांना टांगलेल्या पाळण्यात ते उभे होते. समोर दाढीवाल्या म्हाताऱ्यांचे भाजलेल्या मातीचे एकेचाळीस चेहरे ओळीने बसवलेले. लाकडी हातोडीने कपाळावर ठोकायचं. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आतून फुटलेला. गुरुनाथ वर्तक एकतीस वर्षं हेच करत होते. मराठी मंडळाच्या पिकनिकची कलिंगडंही तेच ठोकून निवडत. यंदा जुलैत त्यांनी दुकानातली सगळी नापास केली. मंडळाने निमूट द्राक्षं खाल्ली.

"काका, एकोणीसपैकी एकोणीस?" शेजारी उभ्या अनिकाने विचारलं. त्यांच्याच कंपनीतली इंजिनियर, दोन वर्षांपूर्वी लायसन्स मिळालेली. "लास्ट टाइम दोनच होते ना?"

"हिवाळा कडक होता."

डुकराच्या चरबीच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका व्यापाऱ्याने १८९३ साली ही इमारत बांधली, पण ती बाराव्या शतकातल्या फ्रेंच मठासारखी दिसायला हवी, ही त्याची अट होती. देश जेमतेम शंभरीचा, आणि पैसा हाती आलेल्या प्रत्येकाला घाईघाईने सातशे वर्षांचं व्हायचं होतं. म्हणून कमानी, मनोरे, संत. आणि आत लिफ्ट. वर्तकांना यात काही वावगं वाटत नसे. टेक्सासात, फ्रिस्कोला त्यांच्या साडूने, देवदत्तने, गॅरेजच्या दाराला पेशवाई महिरप लावली होती. प्लायवूडची.

फुली पडलेला चेहरा उतरवायचा आणि तिथे फायबरचा बसवायचा, असं ठरलेलं होतं. एकदा वर्तकांची सही झाली की त्या म्हाताऱ्याचं काही चालत नसे.

अनिकाने हातोडी घेऊन एकोणिसाव्यावर ठोकलं. "हा रिंग होतोय, काका. एकदम क्लिअर."

"कुठे? बद्द आहे."

"बेलसारखा वाजतोय."

"तुला या म्हाताऱ्यांची दया येतेय." वर्तकांनी पाठ फिरवली. "हे बघ, गेल्या खेपेचा तो फुटका, अजून उतरवायचा राहिलेला, वाजव आणि मग हा वाजव. न बघता सांगतो, कुठला कुठला ते."

ते रस्त्यापलीकडच्या खिडक्या बघत उभे राहिले. बराच वेळ.

"वाजव की आता."

"वाजवले, काका. दोन्ही."

वर्तक वळले नाहीत. त्यांच्या बायकोने, मालिनीने, कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तीनदा घेतली होती आणि तिन्ही त्यांनी कॅन्सल केल्या होत्या. "माझं पोट कानावर चालतं. मला कसं ऐकू येणार नाही?" असं त्यांनी तिला ठणकावलं होतं. त्यावर ती काय म्हणाली, ते मात्र त्यांना ऐकू आलं नव्हतं.

मग त्यांनी पॅडवरचा कागद काढला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि नवा लावला.

"पहिल्यापासून घे. तू ठोक, मी लिहितो."

"आणि सही?"

"तुझी."

"पण काका, ही बिल्डिंग तर तुमचा प्रोजेक्ट आहे."

"ज्याला ऐकू येतं, त्याने सही करायची, बाळा."

अनिकाने पहिल्यावर ठोकलं. "ठीक."

"काय?"

"ठीक आहे, काका!"

पाचव्या चेहऱ्यापर्यंत ती अशी ओरडायला लागली की समोरच्या ऑफिसातली माणसं खिडकीशी येऊन उभी राहिली. मग तिने अंगठा वापरायला सुरुवात केली. वर म्हणजे ठीक, खाली म्हणजे गेला. वर्तक अंगठा बघून लिहीत गेले. बहुतेक सगळे ठीक होते.

एका अंगठ्यापासून दुसऱ्या अंगठ्यापर्यंत त्यांना काहीच काम नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी या म्हाताऱ्यांकडे कान लावला होता. बघायला सवड झाली नव्हती. सव्विसाव्याचं नाक डावीकडे जरा वाकडं होतं. शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, त्यांनी तेवढं नोंदवून ठेवलं.