एकोणतीस-शून्य

आजवर जन्माला आलेल्या माणसांत सर्वांत श्रेष्ठ लढवय्या कोण, याचा निकाल त्या सोमवारी सकाळी कायमचा लागणार होता. तेवढ्यात भोसरीला कंपनीच्या बसने कचकन ब्रेक मारला, दारात लटकलेली मोनिका “आत सरका की हो!” म्हणून ओरडली आणि निकाल लांबणीवर पडला.

इम्तियाजने पिंजऱ्यातल्या मारामारीची चित्रफीत लावलेला मोबाइल शर्टाला पुसला आणि पुन्हा नवनाथच्या नाकासमोर धरला.

“हे बघ, जोन्स. एवढ्या वर्षांत एकदाच हरला, तेही मार खाऊन नाही. कोपर मारलं ते नियमात बसत नाही म्हणून पंचांनी बाद केला.”

“बाद तो बाद. खबीब एकोणतीस-शून्य! एकोणतीस जिंकल्या, हरला एकही नाही. टूलरूमवाल्याला तरी शून्य कळायला पाहिजे राव.”

“एकोणतीसवर थांबला आणि घरी बसला. जोन्स वरच्या वजनात गेला, तिथंही पट्टा घेतला.”

“लहानपणी अस्वलाशी कुस्ती खेळलाय तो!”

“पिल्लू होतं ते.”

“मग तू खेळून दाखव पिल्लाशी. परवा मांजर आडवं आलं तर स्कूटर घातलीस गटारात.”

नवनाथ करमाळ्याकडचा. कुरुळीच्या कंपनीत प्रेसवर होता. इम्तियाज काळेवाडीचाच, त्याच कंपनीच्या टूलरूममध्ये प्रेसचे साचे, म्हणजे डाय, दुरुस्त करायचा. अकरा वर्षं दोघे कंपनीच्या बसमध्ये एकाच बाकावर बसत आले होते. नवनाथ रहाटणीला चढायचा, खिडकी धरायचा आणि शेजारच्या जागेवर इम्तियाजसाठी डब्याची पिशवी ठेवायचा. पिशवी ठेवलेली जागा म्हणजे भरलेली जागा, हा त्या बसचा कायदा. खुद्द मॅनेजरसाहेब चढले असते तरी त्यांना उभंच राहावं लागलं असतं.

पुढच्या बाकावरून स्टोअरचे बबनराव मागे वळले. त्यांना निवृत्तीला सात महिने उरले होते, त्यामुळे त्यांना कशातही तोंड घालायला वेळ होता.

“पण मी काय म्हणतो, तुमची वाटणी उलटी झालीय.”

“तेच तर!” नवनाथ हरत आला होता, त्याला हे आयतंच मिळालं. “खरं तर ह्यानंच खबीबच्या बाजूनं असायला पाहिजे होतं, ह्यांच्यातलाच ना तो!”

बस हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. इम्तियाजने मोबाइल खिशात टाकला.

“चला, मोशी आलं,” तो म्हणाला.

मोशी यायला अजून बराच अवकाश होता.

मंगळवारी इम्तियाज चढला तेव्हा पिशवी नेहमीच्या जागेवर होती. तो तिच्यावरून पुढे गेला आणि शेवटच्या दांड्याला धरून उभा राहिला. बुधवारीही तेच. दोन दिवस त्या पिशवीने कुरुळीपर्यंत बसून प्रवास केला. शेजारी उभी असलेली मोनिका तिच्याकडे एकटक बघत होती, पण कायदा म्हणजे कायदा.

दांड्याला लोंबकळताना इम्तियाजला एक गोष्ट छळत होती. मनातल्या मनात त्याला खबीबच मोठा वाटायचा, आणि हे काही आजचं नव्हतं. त्याची पकड टूलरूममधल्या शिकंज्यासारखी, एकदा आवळली की विषय संपला. जोन्स त्याने घेतला होता तो केवळ नवनाथने दुसरा आधीच घेतला म्हणून. पाऊण तास एकमत होऊन प्रवास कसा करणार? कधीतरी हार मानून नवनाथला खूश करावं, असंही त्याने योजलं होतं. आता ते शक्य नव्हतं. आता तो ‘खबीब’ म्हणाला असता, तर अख्ख्या बसने मान डोलावली असती : बघा, आला शेवटी.

गुरुवार सुट्टीचा. त्याच्या बायकोला, नजमुन्निसाला, ओट्यावर स्टीलचा छोटा डबा दिसला.

“नवनाथभाऊंचा डबा अजून इथंच?”

“देतो ना.”

“सोमवारपासून देताय.” तिने डब्यात लिंबाचं लोणचं भरायला घेतलं. “त्यांच्याकडून चटणी भरून आला होता. रिकामा कसा पाठवणार?”

“बोलत नाही आम्ही सध्या.”

“का?”

इम्तियाज सांगू लागला. एक अमेरिकेतला, एक दागिस्तानातला, एकाचं कोपर, दुसऱ्याचं अस्वल. सांगताना त्याने एकच वाक्य गाळलं. नजमुन्निसाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग झाकण दाबून बसवलं.

“उद्या द्या,” ती म्हणाली.

शुक्रवारी तो डबा हातात घेऊन बाकाशेजारी उभा राहिला. नवनाथने खिडकीबाहेरच बघत पिशवी उचलून मांडीवर घेतली. इम्तियाज बसला. डबा दिला. नाशिक फाट्यापर्यंत दोघांनी उड्डाणपूल बघितला. दोघांनीही तो पूर्वी बघितलेला होता.

नवनाथने झाकण उघडून बोट बुडवलं, चाटलं.

“तुझा जोन्सच मोठा,” तो म्हणाला.

“काय?”

“जोन्स.” मग त्याने आवाज चढवला, सोमवारी चढवला होता तेवढाच. “बबनराव! ओ बबनराव! जोन्स मोठा. सोमवारी मी बोललो ते चुकलं माझं. सगळ्यांनी ऐका.”

बबनराव वळले. मोनिकानेही कानातला इअरफोन काढला. कुणी हसलं नाही.

इम्तियाजने नखांतलं काळं ग्रीस खरवडलं.

“असं कसं?” तो म्हणाला. “एकोणतीस-शून्य आहे तो.”

“असेना. बाद होणं म्हणजे काय हरणं नव्हे.”

“बाद तो बाद. आणि खबीबच्या पकडीतून सुटलेला एक दाखव. लहानपणी अस्वल—”

“पिल्लू होतं ते!”

“मग तू खेळून दाखव पिल्लाशी!”

मोबाइल बाहेर आला. दोन मिनिटांची एक चित्रफीत लागली, आणि दोन डोकी तिच्यावर वाकली.

“म्हणजे आता पार्ट्या बदलल्या,” बबनराव म्हणाले. “अरे, या रविवारी मोठी लढत आहे म्हणे. ती नीट बसून बघा, आणि मिटवा एकदाचं.”



या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी लागतात. रविवारी सकाळी नवनाथ प्रेसवर असतो आणि इम्तियाज टूलरूममध्ये; कंपनीची सुट्टी गुरुवारी असते. दोघांपैकी कुणीही आजवर एकही लढत पूर्ण पाहिलेली नव्हती.