आवाज गिळणारा हंडा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा हंडा आहे. मला तीन आखूड पाय आहेत आणि बुडाला मुठीएवढे भोक आहे. जॉर्जियातल्या लाल मातीच्या एका टेकडीवर, फिबी नावाच्या बाईच्या थडग्यावर मी उपडा पडलेला आहे. हे भोक मला कोणी रागाने पाडलेले नाही. ते का पाडले, हे सांगायचे तर सुरुवातीपासून सांगावे लागेल.

माझा जन्म नदीकाठच्या एका भट्टीत झाला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतणारी माणसे गुलाम होती. पुढे मला ज्या मालकाने विकत घेतले, त्याच्या कापसाच्या मळ्यावरची माणसेही विकत घेतलेलीच होती. फरक एवढाच, की मला विकताना कोणी रडले नव्हते.

मळ्यावर माझी जागा ओढ्याकाठी, धुण्याच्या ओट्यापाशी होती. फिबी धुणे करायची. ती माझ्याखाली जाळ घाली, राखेच्या पाण्याचा साबण टाकी आणि मालकाच्या घरचे कपडे लाकडी वल्ह्याने ढवळत राही. त्या साबणाने तिच्या हातांची सालटी निघत. संध्याकाळी ती मला पुसून कोरडा करी आणि गंज चढू नये म्हणून आतून डुकराची चरबी चोळी. उरलेली चरबी ती स्वतःच्या हातांना लावी. पाहुणे येत आणि चादरी किती पांढऱ्या आहेत म्हणून मालकिणीचे कौतुक करत. आम्हाला कोणी विचारत नसे. पण तिने मला एकदाही ओला ठेवला नाही.

तिचा नवरा मिंगो नांगर धरायचा आणि तिला लाकडे आणून द्यायचा. त्याचा आवाज फार मोठा होता. तो शेताच्या त्या टोकाला बोलला तरी ओढ्यावर ऐकू येई.

"अरे, हळू ओरड. खेचर बहिरं नाहीये," फिबी म्हणे.

"खेचराला कोण हाक मारतंय? बहिरी तू आहेस," असे म्हणून तो हसे. तेही मोठ्यानेच.

रविवारी मालकाचा पाद्री येई आणि एकच गोष्ट सांगे, मालकाचे ऐका. त्यामुळे ही माणसे आपली प्रार्थना वेगळी करत. ती अंधार पडल्यावर, चोरून, म्हाताऱ्या डॉर्कस मावशीच्या खोपटात होई. सापडले तर चाबूक होता. म्हणून ते मला दाराशी नेऊन उपडा घालत आणि माझ्या काठाखाली एका बाजूने दगड सरकवत, म्हणजे तोंड थोडे उघडे राही. खोपटातला आवाज त्या फटीतून हंड्यात शिरतो आणि तिथेच राहतो, बाहेर जात नाही, असा त्यांचा विश्वास होता. डॉर्कस मावशी म्हणे, ही रीत समुद्रापलीकडून, आपल्या आज्यांकडून आली.

मित्रांनो, लोखंड आवाज गिळत नाही. पण मी दाराशी असलो की त्यांचे ओठ उघडत. जी बाई दिवसभर "हो मालकीणबाई" याखेरीज काही बोलत नसे, ती तिथे गात असे. एवढे माझ्यामुळे होई.

एका रविवारी फिबी मला एकटीच घेऊन आली. दिवसभर पाहुण्यांचे कपडे धुऊन तिचे हात भाजल्यासारखे झाले होते. तिने मला दाराशी उपडा केला, पण आत मिंगोने प्रार्थना सुरूही केली होती. त्या घाईत काठाखाली दगड सरकवायचा राहून गेला.

"देवा, आम्हाला सोडव," मिंगो म्हणत होता. "आमच्या पोरांच्या पाठीवर वळ उठू देऊ नकोस."

दार लाथेने उघडले. मुकादम टार्वर आत शिरला.

"काय रे मिंगो, देवाकडे काय मागत होतास? पुन्हा सांग की. मलाही ऐकू दे."

टार्वरने सकाळी मिंगोला चाबकाने झोडपले. दोन दिवसांनी एक व्यापारी आला. पश्चिमेला टेक्सासात नवी जमीन मोडून कापूस लावत होते आणि त्यासाठी माणसे हवी होती. मालकाने मिंगोला त्याला विकले.

साखळीतली माणसे ओढ्यावरून नेली. फिबी माझ्यापाशी उभी होती. तिच्या हातातले वल्हे थांबले. मिंगोला थांबायची परवानगी नव्हती. तो चालता चालता, पहिल्यांदाच हळू आवाजात, एवढेच म्हणाला, "फिबे, ढवळ गं. कपडे खाली लागतील."

ती ढवळत राहिली. तो पाइनच्या झाडांत दिसेनासा झाला, तरी ढवळत राहिली.

संध्याकाळी डॉर्कस मावशी आली. "हंड्याखाली दगड नव्हता, फिबे. तोंड जमिनीला टेकलेलं होतं. आवाज आत जाणार कसा?" मावशी दुष्ट नव्हती. तिने पाहिले ते बोलून दाखवले. पण त्या दिवसापासून फिबीच्या मनाने घेतले, की आपल्या हातानेच नवरा विकला गेला. तो जाताना रागावलेला होता, म्हणूनच चांगले काही बोलला नाही, असेही तिला वाटू लागले.

मी जे पाहिले ते आता सांगतो. फिबी मला घेऊन येत होती, तेव्हाच टार्वर खोपटामागच्या झाडाखाली उभा होता. त्याच्या तंबाखूचा वास येत होता. तो सगळ्यांची वाटच पाहत होता. दगड असता तरी तेच झाले असते. हे माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मला तोंड असून जीभ नव्हती.

वर्षे गेली. गुलामीवरून देशाच्या उत्तर आणि दक्षिण भागांत लढाई पेटली. मालकाच्या बाजूचे सैनिक तोफगोळ्यांसाठी लोखंड गोळा करत आले. फिबीने मला सरकीच्या ढिगाखाली लपवले.

"एका हंड्यासाठी चाबूक खाशील का?" डॉर्कस मावशीने विचारले.

"मिंगो येईल तेव्हा याच हंड्यापाशी बसवून सांगायचंय मला, की माझं चुकलं. मग त्याला काय बोलायचं ते बोलू दे."

नंतर उत्तरेचे सैनिक आले. त्यांनी मालकाचा वाडा जाळला आणि तुम्ही सुटलात असे सांगितले. फिबीची एकुलती एक कोंबडी त्यांनी माझ्यातच शिजवून खाल्ली. सुटका झाली, पण घरात दाणा नव्हता. उत्तरेकडून एक शिक्षिका आली आणि झाडाखाली मुलांना अक्षरे शिकवू लागली. रस्त्याने आपापली माणसे शोधणाऱ्यांची रीघ लागली. त्यातल्या प्रत्येकाला फिबी विचारी, "टेक्सासातून आलात का? मोठ्या आवाजाचा कोणी भेटला का?"

आता प्रार्थना दिवसाढवळ्या, उघड्यावर होई. तरी फिबी मला तिथे नेई, उपडा घाली आणि काठाखाली दगड सरकवी. मग वाकून तो नीट बसला आहे ना, ते बघे.

"अगं, आता कुणापासून लपवतेस?" बायका हसत.

"राहू दे गं," ती म्हणे.

हिवाळ्यात वस्तीत ताप आला आणि त्यात फिबी गेली.

मिंगो वसंतात आला. टेक्सासापासून चालत आला होता. एक पाय ओढत होता. डॉर्कस मावशीच्या अंगणात मला पाहून तो हसला आणि पूर्वीसारखाच ओरडला, "फिबे! बहिरी झालीस का?"

मावशी बाहेर आली. तिचे तोंड पाहून तो खाली बसला.

मावशीने त्याला सगळे सांगितले. दगडाचेही सांगितले.

"दगड?" मिंगो म्हणाला. "माझा आवाज कुठल्या हंड्यात मावला असता, मावशी? आणि ती एवढी वर्षं हे घेऊन बसली? रागावलो होतो म्हणे! तिच्याकडे बघून रडू फुटलं असतं मला, म्हणून कपड्यांचं बोललो."

आमच्याकडे माणसाने शेवटी वापरलेले भांडे फोडून त्याच्या थडग्यावर ठेवतात. मिंगोने कुऱ्हाड मागितली.

"अरे, अख्ख्या वस्तीत हा एकच हंडा आहे!" मावशी रडू लागली. "म्हणून तर मी ठेवला नाही रे तिच्यावर. कपडे कशात उकळू?"

"कशातही उकळ, मावशी. हा तिचा आहे."

त्याने मला टेकडीवर आणून उपडा केला. आजूबाजूला शोधून एक दगड आणला, माझ्या काठाखाली सरकवला आणि वाकून नीट बसला का ते पाहिले. "बघ, ठेवला," तो म्हणाला. "आता झालं?" मग कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने त्याने माझ्या बुडावर घाव घातला. तिचे जे काही माझ्यात अडकले असेल, ते त्याला बाहेर यायला हवे होते. त्याने भोकाला कान लावला. काठाखालच्या फटीतून वारा शिरला आणि माझ्या पोटात बारीक आवाज झाला. तो ऐकत बराच वेळ पडून राहिला.

मित्रांनो, तो वारा होता. मला जीभ असती तरी हे मी त्याला सांगितले नसते. पण फिबीला मात्र मी ओरडून सांगितले असते, की बाई, तुझ्या हातून काही झाले नाही. तुम्हाला जीभ आहे. घरातले कोणी नको तो दोष उराशी धरून बसले असेल, तर त्याला ऐकू येते आहे तोवर सांगा. नंतर थडग्याशी कितीही मोठ्याने बोलले तरी उपयोग नसतो. मिंगोपेक्षा मोठा आवाज मी ऐकलेला नाही, आणि त्याचाही उपयोग झाला नाही.

आता मिंगोही तिच्या शेजारी आहे. माझ्या अंगावरून गंजाचे पापुद्रे सुटतात. कधी मुले येतात, भोकात काड्या घालतात. घालू द्या. भंगारवाला आला आणि त्याने मला नेले, तरी माझी तक्रार नाही. पण मी इथे आहे तोवर एवढे करा. माझ्या काठाखालचा तो दगड काढू नका.